नातं बिघडतंय हे लवकर कसं ओळखायचं? जोडीदाराआधी स्वतःच्या सवयी तपासा

माझी मैत्रीण समोर बसून फोनवर मेसेज लिहीत होती. वीस मिनिटं उशीर होईल, एवढंच कळवायचं होतं. तिने लिहिलं आणि खोडलं. मग कारण घातलं. मग ‘सॉरी’ उचलून सुरुवातीला आणलं. हसरा चेहरा टाकला, काढला, पुन्हा टाकला. शेवटी मला म्हणाली, ‘‘जरा इकडे बघ ना, एक फोटो काढते. तुझ्याबरोबरच आहे हे कळेल त्याला.’’ मी बघितलं. फोटोत आम्ही दोघी छान हसतोय.

तेव्हा त्यांच्या नात्याला पाचच महिने झाले होते. तो तिच्यावर कधी ओरडलासुद्धा नव्हता, हात उगारणं तर दूरच. ‘फार काळजी करतो गं माझी,’ असं ती सांगायची, आणि तिला ते मनापासून वाटायचं. पुढे काय झालं ते सगळं इथे सांगत नाही. पण पहिली खूण कुठली होती असं आज कुणी विचारलं, तर मी त्या मेसेजकडे बोट दाखवेन. वीस मिनिटांच्या उशिरासाठी ती सात मिनिटं एक ओळ लिहीत होती.

‘रेड फ्लॅग’च्या, म्हणजे नात्यातल्या धोक्याच्या खुणांच्या, याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. मीही एके काळी त्या वाचल्या आहेत, स्वतःसाठी, रात्री दोन वाजता, फोनचा उजेड कमी करून. त्यांची अडचण अशी की त्या जोडीदाराकडे बघायला सांगतात. आणि ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्याकडे तटस्थपणे बघणं आपल्याला जमत नाही. प्रत्येक मुद्द्यावर आपलं उत्तर तयार असतं. कामाचा ताण आहे, लहानपणी फार सोसलंय, मनाने वाईट नाही. स्वतःच्या सवयी मात्र अशी वकिली करत नाहीत. म्हणून या लेखातली तपासणी तिथून सुरू होते.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवते. मी ‘जोडीदार’ म्हणताना क्रियापद पुल्लिंगी वापरणार आहे, ते केवळ भाषेच्या सोयीसाठी. अशा नात्यात पुरुषही अडकतात, आणि समलिंगी जोडप्यांतही हे घडतं. दुसरं म्हणजे, हे उतारवयात किंवा लग्नाला वीस वर्षं झाल्यावरच होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगभरात १५ ते ४९ वयोगटातल्या आणि कधी ना कधी नात्यात असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. त्यातली १५ ते १९ या वयातल्या मुलींची संख्या वेगळी काढली तरी प्रमाण चारात एकच्या आसपास येतं. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या नात्यातच हे सुरू झालेलं असतं.

पहिली पायरी: ‘आधी’ आणि ‘आता’

एक कागद घ्या. फोनमध्ये नको, कागदच. मधोमध रेघ मारा. डावीकडे हे नातं सुरू होण्याआधीच्या तुमच्या सवयी लिहा, उजवीकडे गेल्या महिन्यातल्या. भावना लिहू नका, कृती लिहा. ‘मी दुःखी असते’ हे उपयोगाचं नाही. ‘फोन वाजला की आधी स्क्रीन उलटी करते’ हे उपयोगाचं.

काय काय लिहाल? कपडे कुणासाठी निवडता. घरी जाताना वाटेत कशाची उजळणी करता. कोणते मेसेज वाचून झाल्यावर लगेच उडवता. कुठल्या मित्राचं नाव बोलण्यात येऊ देत नाही. कुणाला काय सांगितलंय याचा हिशेब ठेवता का. जोडीदाराच्या वागण्याबद्दल घरच्यांशी किंवा मित्रांशी शेवटचं खोटं कधी बोललात. मी स्वतः हा कागद भरला तेव्हा उजव्या बाजूला एक ओळ अशी आली: ‘किल्लीचा आवाज आला की टीव्हीचा आवाज कमी करते.’ का करते, ते मला सांगता येईना. टीव्हीवरून आमचं कधी भांडणही झालं नव्हतं. पण दार उघडणारा माणूस आज कुठल्या मूडमध्ये आहे ते कानांनी आधी टिपायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

बदल म्हणजे बिघाडच, असं नाही. नात्यात माणूस बदलतोच. एखादा पहाटे उठायला शिकतो, एखादी सिगारेट सोडते. प्रश्न एवढाच विचारायचा: हा बदल मला आवडला म्हणून झाला, की पुढचा कटकटीचा प्रसंग टळावा म्हणून झाला? दुसऱ्या प्रकारच्या ओळींपुढे फुली मारा. तीन-चार फुल्या दिसल्या तर पुढे वाचा. एकही नसेल तरी वाचा, पण निवांतपणे.

दुसरी पायरी: एक लहानसं ‘नाही’

मला विचाराल तर सगळ्या याद्यांपेक्षा ही एक चाचणी मोलाची आहे. अगदी क्षुल्लक गोष्टीला नकार द्या. ‘आज फोनवर नको बोलायला, झोप आलीय.’ ‘हा सिनेमा नको, दुसरा बघू.’ ‘रविवारी मी एकटीच जाऊन येते.’ मग गप्प राहा आणि बघा. त्या क्षणीच नाही, पुढचे दोन-तीन दिवस बघा.

समोरचा नाराज झाला तर घाबरू नका. नाराज होणं हा त्याचा हक्क आहे. नाराजी आणि वसुली यांतला फरक मात्र ओळखायला शिका. नाराज माणूस म्हणतो, ‘अरे, मला वाटलं होतं आपण जाऊ,’ थोडा हिरमुसतो आणि विषय संपतो. वसुली करणारा माणूस त्या नकाराची किंमत काढून घेतो. कधी अबोला धरून. कधी चारचौघांत टोमणा मारून. कधी दोन दिवसांनी तुम्हाला हव्या असलेल्या एखाद्या गोष्टीला मोडता घालून. कधी इतका रडून की शेवटी तुम्हीच समजूत काढता आणि मूळ नकार मागे घेता. कधी नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून, पण दार असं आपटून की भांडी हलावीत.

वसुली लगेच होत नाही म्हणून फसायला होतं. शनिवारी ‘नाही’ म्हणालात, रविवार छान गेला, सोमवारी रात्री कुठल्याशा टॉवेलवरून स्फोट झाला. तुम्हाला वाटतं भांडण टॉवेलवरून झालं. तारखा लिहून ठेवल्यात तर दोन टोकं जुळतात.

लैंगिक संबंधांतही हीच कसोटी लावा, आणि तिथे जास्त कडकपणे. एकदा ‘नको’ म्हटल्यावर आर्जवं, रुसवा, ‘तुझं प्रेमच नाही’ असं करत करत मिळवलेला होकार हा होकार नसतो. गर्भनिरोधक वापरायला टाळाटाळ करणं किंवा गुपचूप न वापरणं हेही त्याच माळेतलं.

इथे एक इशारा. ‘नाही’ म्हणायच्या नुसत्या कल्पनेने तुमच्या पोटात गोळा येत असेल तर ही चाचणी करू नका. उत्तर तुम्हाला आधीच मिळालेलं आहे.

तिसरी पायरी: वेग मोजा

नात्याच्या सुरुवातीला कुणीही वेडावतं, त्यात वावगं काही नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’, महिन्याभरात एकत्र राहायची घाई, भेटवस्तूंचा मारा, तासातासाला मेसेज, जुन्या सगळ्या प्रेयसी ‘वेड्या’ होत्या आणि तूच काय ती वेगळी, असं सगळं एकदम येऊन अंगावर कोसळत असेल तर थांबा. याला हल्ली ‘लव्ह बॉम्बिंग’ म्हणतात. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

खरं प्रेम कुठलं आणि हे कुठलं, ते वेग कमी करायला सांगितल्यावर कळतं. ‘मला हे आवडतंय, पण एक महिना सावकाश जाऊ या,’ म्हणा. प्रेमात असलेला माणूस चुळबुळ करेल आणि थांबेल. दुसरा तुमच्यावर ‘तू कोरडी आहेस’, ‘तुझा विश्वास नाही’ असे आरोप सुरू करेल. हीदेखील वसुलीच.

चौथी पायरी: माणसं मोजा

‘त्याने मला कधीच कुणाला भेटायला मनाई केली नाही.’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलंय आणि ते अक्षरशः खरं होतं. मनाई करावीच लागत नाही. प्रत्येक भेटीवर कर लावला की पुरतं.

तो कर कसा लागतो ते जवळून बघा. शुक्रवारी मैत्रिणींना भेटायचं ठरलेलं असतं. गुरुवारपासून घरात धुसफूस. शुक्रवारी दुपारी त्याचं डोकं दुखायला लागतं. निघताना तो म्हणतो, ‘जा जा, मी पडून राहतो एकटाच.’ तिथे बसल्यावर तीन फोन: किल्ली कुठे आहे, चार्जर कुठे आहे, किती वेळ लागेल. परत आल्यावर चौकशी: कोण होतं, काय बोललात, माझ्याबद्दल काय बोललात? मग त्यातल्या एका मैत्रिणीबद्दल एक वाक्य: ‘ती तुझ्यावर जळते, तुला कळत नाही.’ रात्री साडेअकरापर्यंत हे चालतं. पुढच्या वेळी मैत्रिणींचा मेसेज आला की तुम्हीच लिहिता, ‘या वेळी नाही जमणार गं.’ चौथ्या वेळी त्या विचारायच्या बंद होतात. आणि तुम्हाला ठामपणे वाटत असतं की हा निर्णय माझाच होता.

मोजणी अशी करा. फोनच्या कॉल यादीत मागे जा. गेल्या तीन महिन्यांत जोडीदार सोडून कुणाकुणाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोललात? नावं लिहा. मग वर्षभरापूर्वी अशी किती नावं असती त्याचा अंदाज घ्या. कुठलं नाव गळलं आणि त्याच्या आधी काय घडलं, ते आठवा.

पाचवी पायरी: फोन

पासवर्ड एकमेकांना माहीत असणं हा गुन्हा नाही. न सांगितल्यास काय होतं, यावर सगळं ठरतं. लोकेशन शेअर करणंही तसंच. ते दोघांचं दोघांना दिसतं का? एक दिवस बंद ठेवलं तर चालतं का? ‘तू तिथे चाळीस मिनिटं काय करत होतीस?’ असा प्रश्न कधी आला का?

थोडं तांत्रिक. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तुमचं खातं आणखी कुठल्या संगणकावर चालू आहे का ते बघा. गुगल खात्यातही साइन-इन असलेल्या उपकरणांची यादी दिसते. आयफोनमध्ये आयओएस १६पासून ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. कुणाबरोबर काय काय शेअर होतंय ते तिथे एका जागी कळतं. बॅगेत किंवा गाडीत लपवलेला अनोळखी ट्रॅकर सतत तुमच्याबरोबर फिरत असेल तर अलीकडचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन सूचनाही देतात. पण सापडलं म्हणून तडकाफडकी सगळं बंद करू नका. पाळत अचानक तुटली की ती ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं. आधी पुढे काय करायचं ते ठरवा, आणि त्यासाठीचं बोलणं, शोधाशोध दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करा. हा लेखसुद्धा.

सहावी पायरी: भांडण कसं होतं ते बघा, किती होतं ते नको

भांडणाऱ्या जोडप्यांबद्दल उगाच काळजी केली जाते. मला न भांडणाऱ्यांची जास्त वाटते, त्यातही एकच माणूस नेहमी गप्प होत असेल तर.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत टिपून दशकानुदशकं अभ्यास केला. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी वेगळ्या काढल्या: माणसावरच शिक्का मारणारी टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यांच्या मते यातली सर्वांत घातक सवय म्हणजे तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुला काय कळतंय’, चारचौघांत ‘ही बघा आमची हुशार’. रागावलेला माणूस निदान बरोबरीने भांडत असतो. तुच्छता दाखवणारा वरच्या पायरीवरून बोलतो.

अबोल्याबद्दल लोक नेहमी विचारतात. भांडण तापल्यावर थोडं बाजूला होणं चांगलंच. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात, असं गॉटमनच सांगतात. पण बाजूला होणारा सांगून जातो, ‘आत्ता मला जमत नाहीये, जेवणानंतर बोलू,’ आणि जेवणानंतर खरंच बोलतो. शिक्षा म्हणून धरलेल्या अबोल्याला मुदत नसते. तो तुम्ही लोटांगण घातल्यावरच संपतो.

तुम्ही एखादी तक्रार मांडली की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं तेही टिपा. तो म्हणतो, असं काही झालंच नाही. मग तुमच्या स्वभावावर घसरतो. शेवटी आपल्यावरच किती अन्याय होतोय ते सांगतो आणि तुम्ही माफी मागून उठता. तक्रार तुमची होती, हे रात्री अंथरुणात पडल्यावर आठवतं. जेनिफर फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७मध्ये या डावाला ‘डार्व्हो’ असं नाव दिलं: नाकारणं, हल्ला करणं, बळी आणि अपराधी यांच्या जागा बदलणं. चोराच्या उलट्या बोंबा हे आपलं जुनं नाव त्यापेक्षा कळायला सोपं.

माफीचीही चिरफाड करा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. त्यात चूक तुमच्या वाटण्याची आहे. ‘सॉरी, पण तूच मला तिथपर्यंत नेतेस’ हा तर नवा आरोप झाला. माफीत स्वतः केलेल्या कृतीचं नाव यावं लागतं: ‘मी सगळ्यांसमोर तुझ्या पगारावरून बोललो, ते चुकलं.’ आणि ती खरी होती का, ते पुढच्या वेळी पाहुणे आल्यावर कळतं.

सातवी पायरी: स्वतःच्या आठवणीवर विश्वास आहे का?

‘गॅसलायटिंग’ हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की साध्या मतभेदालाही लोक तो चिकटवतात. तो आला पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून. त्यात नवरा वरच्या मजल्यावर चोरून गॅसचे दिवे लावतो, त्यामुळे खालचे दिवे मंद होतात. बायकोला ते दिसतं आणि ती भ्रमिष्ट होत चालली आहे असं तिला पटवण्याचा त्याचा उद्योग चालू असतो. म्हणजे ‘मला वेगळं आठवतंय’ हे गॅसलायटिंग नाही. ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही, तुझ्या आठवणीचं काही खरं नाही’ हे पुन्हा पुन्हा पटवत राहणं, हे गॅसलायटिंग.

यावर उपाय साधा आहे: लिहून ठेवा. तारीख, वेळ, शब्दशः काय बोललं गेलं, तेवढंच. मत लिहू नका, विशेषणं घालू नका. वही घरात सुरक्षित नसेल तर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा किंवा त्याला मेसेज करून तो आपल्या फोनमधून उडवा. दोन-तीन आठवड्यांनी एकदम वाचा. सुट्या सुट्या प्रसंगांना प्रत्येक वेळी काही ना काही कारण सापडतं. सलग वाचल्यावर त्यातला नमुना लपत नाही.

पैसा

यावर थोडक्यात. तुमच्या नावावर खातं आहे का? त्याचं कार्ड आणि पिन तुमच्याकडेच आहे का? लहान खर्चाचीही पावती दाखवावी लागते का? तुमच्या नावाने घेतलेल्या कर्जाची तुम्हाला पूर्ण माहिती आहे का? नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्रीच नेमकं मोठं भांडण होतं का? दोन उत्तरं खटकली तरी पैशांकडे लक्ष द्यायला आजच सुरुवात करा, बाकी नातं कसंही असो.

चांगले दिवस हिशेबात कसे धरायचे

‘पण तो नेहमीच असा नसतो.’ नसतोच. सतत वाईट वागणाऱ्या माणसाला सोडणं सोपं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९मध्ये हिंसक नात्यांतलं एक चक्र मांडलं होतं: ताण साठत जातो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाडाचे दिवस येतात, आणि पुन्हा ताण. प्रत्येक नातं या चक्रात तंतोतंत बसत नाही. लाडाचे दिवस काळाबरोबर आखूड होत गेल्याचंही अनेक जण सांगतात. तरी ते दिवस खोटे वाटत नाहीत, आणि गाठ तिथेच पडते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट फार पूर्वी दिसली आहे. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर प्राणी लवकर नाद सोडतो. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळ दाबत राहतो. प्रेमाचंही असंच होतं. कधी जीव ओवाळून टाकणाऱ्या आणि कधी जीव नकोसा करणाऱ्या माणसाला आपण जास्त घट्ट चिकटतो. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९८१मध्ये या ओढीला ‘ट्रॉमॅटिक बाँडिंग’ म्हटलं. ‘मी मूर्ख आहे म्हणून सुटत नाही’ असं वाटत असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं. मेंदू त्याच्या नियमाने चालतोय.

म्हणून चांगले दिवस मोजताना एक गोष्ट तपासा: ते कशानंतर येतात? फुलं, सहल, कौतुक हे दर वेळी एखाद्या वाईट रात्रीनंतर येत असेल तर तो त्या रात्रीचाच भाग आहे.

आता थांबून बघायची वेळ गेली, असं सांगणाऱ्या खुणा

वरची लक्षणं सुरुवातीची होती. पुढची तशी नाहीत. इथे कागद, रेघ, चाचण्या सगळं बाजूला ठेवा.

गळा दाबणं, एकदाही, ‘गंमत’ म्हणूनही. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पट जास्त आढळला. गळ्यावर वळ उठले नाहीत तरी आत इजा असू शकते आणि तिचे परिणाम काही दिवसांनी दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. त्याखेरीज शस्त्र दाखवणं, तुम्हाला किंवा मुलांना मारण्याची धमकी, ‘तू गेलीस तर मी जीव देईन’, पाठलाग, पाळीव प्राण्याला इजा, गरोदरपणात मारहाण, लैंगिक जबरदस्ती. यांतलं काहीही घडलं तर स्थानिक पोलीस, आपत्कालीन क्रमांक किंवा कौटुंबिक हिंसेसाठीची हेल्पलाइन यांच्याशी बोला. आणि ते बोलणं जोडीदाराच्या नकळत करा.

मारहाण नाही म्हणून धोका नाही, असंही समजू नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७मध्ये असं मांडलं की अशा नात्यात खरं नुकसान स्वातंत्र्य हिरावल्याने होतं, मारहाण हे त्याचं फक्त एक हत्यार. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५पासून जवळच्या नात्यातलं असं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे, अंगावर एकही व्रण नसला तरी.

मग करायचं काय?

फुल्या कमी असतील आणि भीती नसेल, तर एकदा स्पष्ट बोला. एकच प्रसंग, एकच मागणी: ‘मी बाहेर असताना फक्त गरजेचं असेल तर फोन कर.’ मग सहा आठवडे बघा. बदलायची इच्छा असलेला माणूस चुकतो, पण चूक दाखवल्यावर चिडत नाही. अशा वेळी जोडप्याचं समुपदेशन उपयोगी पडू शकतं.

भीती असेल तर जोडीने समुपदेशनाला जाऊ नका. तिथे खरं बोललात तर त्याची वसुली घरी होते. एकट्याने जा. कुणा एकाला सगळं सांगा, अर्धवट नको. त्याच्याशी एक सांकेतिक शब्द ठरवा, जो मेसेजमध्ये आला की त्याने लगेच मदतीला माणूस पाठवायचा. कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, रोजची औषधं, किल्लीची जादा प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवा.

निघायचं ठरलं तर ‘मी चालले’ हे आधी जाहीर करू नका, त्याला शेवटचं समजावायचा मोह तर अजिबात नको. अमेरिकी संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या अभ्यासात, अतिशय नियंत्रण ठेवणाऱ्या जोडीदारापासून वेगळं होतानाचा काळ सर्वांत धोक्याच्या परिस्थितींपैकी एक ठरला. ‘सोडून का देत नाही?’ असं फटकन विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

हे वाचताना काही जणांना आपला जोडीदार दिसण्याऐवजी स्वतःच दिसला असेल. कर लावणारा मी, अबोला धरणारी मी. ते दिसलं असेल तर जोडीदाराला जाऊन ‘मी वाईट आहे’ असं सांगत बसू नका, मग तुमची समजूत पुन्हा जोडीदारालाच काढावी लागते. स्वतःसाठी समुपदेशक शोधा आणि आज कुठल्या ‘नाही’ची वसुली केलीत ते लिहायला लागा.

मैत्रिणीच्या बाबतीत दिसलं तर

त्या फोटोच्या संध्याकाळी मी चूक केली. म्हणाले, ‘‘हा माणूस बरोबर नाही, सोड त्याला.’’ ती तीन महिने माझ्याशी बोलली नाही. तिच्या घरात माझ्यावर कर आधीच लागलेला होता, मी त्यात भर घातली.

पुढे मी पद्धत बदलली. त्याच्याबद्दल बोलणं बंद केलं, तिच्याबद्दल विचारू लागले. ‘तो असा का वागतो?’ याऐवजी ‘तू हल्ली झोपतेस का नीट?’ जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचे: ‘परवा फोन आला तेव्हा तुझे हात थरथरत होते.’ ती त्याच्याकडे परत गेली तेव्हाही टोमणा मारला नाही. हे फार जड गेलं. दर रविवारी एक मेसेज टाकायचे, कुणी वाचला तरी संशय येणार नाही असा: झाडांचा फोटो, जुना विनोद. उत्तर बहुतेकदा यायचं नाही. निळ्या खुणा दिसायच्या.

अकराव्या रविवारी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, ‘‘तुझ्याकडची ती निळी बॅग अजून आहे का?’’ माझ्याकडे निळी बॅग कधीच नव्हती. मी लिहिलं, ‘‘आहे. केव्हा येतेस?’’